तळमजल्याचा व्यायाम

माझा राग नाकावर असतो, हे मला कोणी सांगायला नको. आई म्हणायची, ही पोरगी जन्मली तीच भांडत. लग्न केलं नाही, कारण माझ्या रागाला पुरून उरेल असा माणूस भेटला नाही, आणि भेटला असता तर त्यालाही मी हाकललाच असता. पण त्या दिवशी भाचीचा फोन आला आणि मला भांडताच आलं नाही.

"आत्या, महिनाअखेरीला मी आईला माझ्याकडे घेऊन येतेय. कायमचंच," ती म्हणाली. "बाबा गेल्यापासून तिचं तिथे मन लागत नाही. आणि तुलाही तिचा जाच नको."

मला वहिनीचा जाच? ती घरात नसली तर मला चहासुद्धा गोड लागत नाही. तरी मी म्हटलं, "ने बापडी." दुसरं काय म्हणणार? आमच्या दोघींत काय बिनसलंय ते सांगायचं, तर आधी हे सांगावं लागलं असतं की मला हसताना लघवी होते. आणि ते मी माझ्या सावलीलाही सांगितलेलं नव्हतं.

आमची लाँड्री आहे. खाली दुकान, वर घर. दोन हॉटेलं आणि एका वसतिगृहाच्या चादरी, अभ्रे, टॉवेल येतात. दादाने ती सुरू केली. तो पुढे काउंटरवर बसायचा, मागे मशीन आणि इस्त्री वहिनी आणि मी बघायचो. मोठी चादर एकट्याने घडी होत नाही. दोघींनी चार टोकं धरायची, ताणायची, एक झटका द्यायचा, मग चालत एकमेकींजवळ यायचं आणि टोकाला टोक लावायचं. म्हणजे दिवसभरात शंभरदा तरी वहिनीचं तोंड माझ्या तोंडासमोर यायचं, आणि दर वेळी ती काहीतरी बोलायची. दिसायला वहिनी अगदी गरीब गाय, पण नकला अशा करते की ज्याची नक्कल त्यानेच येऊन तिकीट काढावं. हॉटेलचा मॅनेजर, वसतिगृहाची खाष्ट वॉर्डन, आमचा दादा, कोणी सुटायचं नाही. आम्ही इतक्या हसायचो की दादा पुढून ओरडायचा.

मग दादा गेला. सकाळी पावत्या लिहिता लिहिता खुर्चीवरून घसरला आणि मागच्या खोलीच्या दारात पडला. वहिनीने पहिल्यांदा पाहिलं. ती रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. नंतर कितीतरी महिने आम्ही चादरी घडी करायचो ते मुकाट्याने. माझा तो सख्खा भाऊ, पण मला त्याच्यापेक्षा हिची काळजी लागून राहिली होती. ही परत बोलेल की नाही, अशी.

आणि एक दिवस हॉटेलच्या चादरीतून कवळी पडली. वरची, अख्खी. आम्ही झटका दिला तशी उडून इस्त्रीच्या टेबलावर जाऊन बसली. मी बघितलं, वहिनीने बघितलं. तेवढ्यात हॉटेलमधून फोन आला. एका म्हाताऱ्या पाहुण्याचे दात हरवलेत, तुमच्याकडे आलेत का? आता वहिनीला कुठला धीर निघतोय? फोन ठेवल्याबरोबर तिने गाल आत ओढले, ओठ मुडपले आणि त्या म्हाताऱ्याच्या आवाजात मॅनेजरशी बोलायला लागली. बिनदाताचं भांडण. तोंडातून नुसती हवा. इतक्या महिन्यांनी ती हसली, आणि मी तर खो खो हसत सुटले, पोट धरून वाकले. आणि तेव्हा ते झालं.

आधीही व्हायचं थोडंफार. पाळी बंद होऊन दोनेक वर्षं झाली होती, तेव्हापासून शिंक आली, ओला गठ्ठा उचलला की थेंबभर. त्याचं मी मनावर घेतलं नव्हतं. पण त्या दिवशी थेंबावर भागलं नाही. सगळं चपलेपर्यंत आलं. माझं हसू जागच्या जागी मेलं. मी ताठ झाले, एप्रन पुढे ओढला आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "पुरे झालं हसणं." आणि तडक वर निघून गेले. कपडे बदलून खाली आले तेव्हा वहिनी खाली मान घालून अभ्रे मोजत होती. मला वाटलं, बरं झालं, हिच्या काही लक्षात आलं नाही.

त्यानंतर माझी जी तारांबळ सुरू झाली ती विचारू नका. पाणी पिणं सोडलं. लागो न लागो, जरा वेळ झाला की बाथरूम. गडद रंगाचेच कपडे. वहिनीबरोबर चादरी धरायच्या म्हटलं की एकच धास्ती, ही बोलली आणि मी हसले तर? म्हणून मी तिला पुढे काउंटरवर बसवलं. "गिऱ्हाईकाशी तुझं बरं जमतं," म्हणाले. घडी करायला चादरीची दोन टोकं भिंतीतल्या खिळ्यांना अडकवून बघितली. घडी वाकडी व्हायची, मग मी खिळ्यांवर चिडायचे. वहिनी मला पूर्वी "तू" म्हणायची, ती हळूहळू "तुम्ही" म्हणायला लागली. "वन्सं, जेवायला वाढू का?" "वन्सं, तुमचं पाणी ठेवलंय." अशा अदबीने माणूस पाहुण्यांशी बोलतं. मला वाटायचं, दादाच्या दुःखाने अशी झाली असेल.

कुठेतरी वाचलं होतं की बायकांनी खालचे स्नायू आवळायचा व्यायाम करावा. झालं. मी कुठलीही गोष्ट अर्धवट करत नाही. इस्त्री करताना आवळलं, पायऱ्या चढताना आवळलं, झोपतानाही आवळूनच झोपले. आणि त्रास कमी व्हायचा तो वाढलाच, वर कंबरही धरली. शेवटी अंगातून वाफा येतात म्हणून ज्या डॉक्टरीणबाईंकडे जात होते, त्यांच्याकडून एकदा निघताना दाराशी जाऊन परत फिरले आणि भडाभडा बोलून टाकलं. त्यांनी काही तोंड वाकडं केलं नाही. पाळी गेली की आतली त्वचा पातळ आणि कोरडी होते म्हणाल्या, एक मलम लिहून दिलं, आणि एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

"मला गुडघेदुखी नाही," मी म्हटलं.

"त्या गुडघ्याच्या नाहीत. ओटीपोटाच्या तळाच्या आहेत."

मी तिचं नाव तळमजल्याची बाई ठेवलं. चाळिशीची, हाताने दणकट, केस कापलेली. खोलीत एक उंच पलंग, पडदा, आणि टेबलावर कंबरेच्या हाडाचा प्लास्टिकचा सांगाडा. तिने तो हातात घेऊन दाखवलं की खाली झोळीसारखे स्नायू आहेत, पुढच्या हाडापासून मागच्या हाडापर्यंत, आणि मूत्राशय, गर्भाशय सगळं त्या झोळीवर बसलेलं. पन्नास वर्षांहून जास्त ते माझ्या बुडाखाली होतं आणि मला पत्ता नव्हता.

मग तिने विचारायला सुरुवात केली. किती पाणी पिता, किती वेळा जाता, कधी गळतं, संडासला कुंथावं लागतं का. मी रागारागाने उत्तरं देत होते, जणू तिनेच मला हे लावून दिलंय. तिला काही फरक पडला नाही. तपासायच्या आधी म्हणाली, "मी हातमोजा घालून, बोटाने आतून तपासेन. तुम्हाला नको असेल तर आज नाही तपासणार, बोलूनही बरंच कळतं. मध्येच नको वाटलं तर नुसता हात वर करा, मी थांबेन." मला आजवर कुणी असं विचारून हात लावलेला नव्हता. मी म्हटलं, बघा काय बघायचं ते.

तिने आवळायला सांगितलं. आवळलं. "आता सोडा," म्हणाली.

"सोडलं."

"नाही सोडलंत."

"अहो सोडलं म्हणतेय ना."

मग तिने ओटीपोटाखाली चिकटपट्ट्या लावल्या, त्यांच्या वायरी एका छोट्या पडद्याला जोडल्या. पडद्यावर एक रेघ. आवळलं की वर जायची, सोडलं की खाली यायला हवी. माझी रेघ वरच बसून राहिली. मी म्हटलं, "मशीन बिघडलंय. आमच्या ड्रायरचा काटा असाच अडकतो, एक थापट मारा." तिने पट्ट्या काढून स्वतःच्या हातावर लावल्या, मूठ आवळली, रेघ वर गेली, मूठ उघडली, रेघ झरकन खाली आली.

"तुमचे स्नायू सैल नाहीत," ती नंतर म्हणाली, "दमलेत. गळका नळ आपण जोर लावून पिळत राहिलो तर वॉशरच झिजतो. तुम्ही दिवसभर आवळून धरता, मग शिंक येते किंवा हसू येतं तेव्हा त्यांच्यात आवळायला जोर शिल्लकच नसतो. तुम्हाला आधी सोडायला शिकायचंय. जोर नंतर."

आता बघा, माणसाने आपला त्रास थांबवायला जावं, तर ही म्हणते सोडा. मी घरी येईपर्यंत तिला मनात शिव्या घातल्या. पण दुसऱ्या खेपेला गेलेच. तिने कपड्यांची एक जड पिशवी माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, दुकानात गठ्ठा उचलता तशी उचला. मी पाय रोवले, दात आवळले, दम कोंडला आणि उचलली. "हेच," ती म्हणाली. "दम कोंडला की सगळा दाब खाली झोळीवर येतो. उचलताना श्वास सोडा."

"माझ्या दादाने शिकवलंय," मी म्हटलं. "दम धरून उचलायचं, म्हणजे कंबर जात नाही."

"दादांच्या ओटीपोटात गर्भाशय नव्हतं."

दादा असता तर त्याला हे ऐकवलं असतं. मला एकदम त्याची इतकी आठवण आली की पिशवी खाली ठेवून मी तिथेच पलंगावर बसले. रडले. तळमजल्याच्या बाईने रुमाल दिला आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. मग मी सगळंच सांगितलं. दादाचं, कवळीचं, आणि वहिनी महिनाअखेरीला चाललीय तेही.

"त्यांना हे माहीत आहे?"

"जीव गेला तरी सांगणार नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि उपदेशाचा एक शब्द काढला नाही. मला वाटलं होतं ही प्रवचन झोडेल, म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. ते वायाच गेलं. तिने मला घरी करायचा व्यायाम सांगितला. जमिनीवर पाठ टेकून पडायचं, पोटऱ्या स्टुलावर ठेवायच्या, हात पसरायचे. श्वास आत घेताना बरगड्या रुंद होऊ द्यायच्या आणि खालची झोळी आपोआप खाली येतेय असं बघायचं. तिला ओढायचं नाही, ढकलायचं नाही. आणि जबडा सैल ठेवायचा. "दात आवळलेले असले की खालचंही आवळलेलंच राहतं," म्हणाली. "तोंड उघडं पडलं तरी चालेल." शिंक येईल असं वाटलं तर मात्र क्षणभर आधी आवळून घ्यायचं, आणि लगेच सोडून द्यायचं. पाणी नेहमीसारखं प्यायचं. लागल्याशिवाय जायचं नाही.

दुपारी वहिनी जेवून वर पडायची, तेव्हा मी मागच्या खोलीत घोंगडी अंथरून हे करायचे. सुरुवातीला पडल्या पडल्या मला इस्त्री बंद केली का, हॉटेलची गाडी येईल का, असलंच सुचायचं. पण हळूहळू काहीतरी व्हायला लागलं. पडद्यावरची रेघही एकदा खाली आली, वेडीवाकडी का होईना, पण आली. गठ्ठा उचलताना मी "फू" करून श्वास सोडायला लागले आणि कोरडी राहायला लागले. बरं वाटत होतं. फक्त वर वहिनी बॅग भरत होती.

त्या दुपारी मी अशीच पडले होते. पाय स्टुलावर, हात पसरलेले, तोंड उघडं. आणि पहिल्यांदाच मी पुरती सुटले. अंग असं हलकं झालं की डोळा कधी लागला कळलंच नाही.

जाग आली ती गालावर चापट्या बसल्याने. डोळे उघडले तर वहिनीचा चेहरा माझ्या तोंडावर ओणवलेला, पांढराफटक. "वन्सं, उठा. उठा ना. तुम्ही तरी जाऊ नका हो मला टाकून." माझं डोकं खोलीच्या दाराकडे होतं. दादा ज्या जागी पडला होता, तिथून हातभर अंतरावर.

"अगं, मेले नाहीये मी," मी म्हटलं.

ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. दादा गेला तेव्हा रडली नव्हती ते सगळं आता बाहेर आलं. मी उठून तिला धरायला गेले तर तिने माझा हात झिडकारला. वहिनी चिडलेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

"मग असं मेल्यासारखं कोण पडतं? तोंड उघडं टाकून?"

"व्यायाम करतेय."

"हा कसला व्यायाम?"

खोटं बोलायला मला वेळ होता. कंबरेचा म्हटलं असतं तर खपलंही असतं. पण तिचे डोळे बघितले आणि मला वाटलं, मरू दे ती अब्रू. "वहिनी, मला हसताना लघवी होते," मी म्हटलं. "शिंकताना होते, गठ्ठा उचलताना होते. पाळी गेल्यापासून. त्याच्यासाठी एका बाईकडे जाते, तिने हे शिकवलंय. झालं समाधान?"

ती रडायची थांबली.

"कवळीच्या दिवशी," ती सावकाश म्हणाली, "तुम्ही उठून गेलात ते..."

"मग? तुझ्यासमोर उभी राहू, चप्पल भिजवून?"

वहिनीने पदराने तोंड पुसलं. "मला वाटलं," ती म्हणाली. "मला वाटलं, नवरा जाऊन वर्ष झालं नाही आणि ही बया दात काढतेय, असं तुमच्या मनात आलं. तुमचा भाऊ होता तो. तुम्ही तोंड फिरवलंत, पुरे झालं हसणं म्हणालात. मी म्हटलं, खरंच आहे, लाजच वाटायला हवी. नंतर तुम्ही मला तुमच्या समोरूनच उठवलंत. काउंटरवर नेऊन बसवलंत. मग मी हसलेच नाही कधी. एकटी असतानाही नाही."

इतके महिने मी माझे कपडे लपवत होते, आणि ही माझ्यासमोर जेवायला वाढताना मनात हे घेऊन फिरत होती. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला एक वाक्य बोलता आलं नव्हतं.

"अगं वेडे," मी म्हटलं, "मी पुरे म्हटलं ते माझ्या मूत्राशयाला. तू हसलीस त्या दिवशी मला वाटलं, सुटलो आपण, वहिनी परत आली. तू हसावीस म्हणून मी काय वाटेल ते केलं असतं. तुझा नवरा गेला म्हणून तुला हसायची बंदी घालणारी मी कोण? आणि दादाने ते बघितलं असतं तर त्याने माझंच थोबाड रंगवलं असतं." मग बोलूनच टाकलं. "जाऊ नकोस. मला तुझ्याशिवाय करमत नाही. घडीसुद्धा नीट होत नाही माझी."

"त्या खिळ्यांनी पार भोकं पाडलीत चादरींना," वहिनी म्हणाली. "मी रफू करत बसते. तुला वाटलं, मला दिसत नाही?"

तिने दुसरं स्टूल ओढलं, माझ्या शेजारी घोंगडीवर पाठ टेकली आणि पोटऱ्या वर ठेवल्या. "दाखव काय ते. माझंही वय तेच आहे, माझा तळमजला काय वेगळा आहे?" मी तिला श्वास दाखवला, बरगड्या दाखवल्या, जबडा सैल सोडायला सांगितलं. आम्ही दोघी छताकडे बघत, तोंडं उघडी टाकून पडलो. वर तिच्या फोनची घंटा वाजून वाजून बंद झाली. भाची असणार.

"लेकीला सांगते संध्याकाळी," वहिनी म्हणाली. "चार दिवस राहून परत येईन म्हणून."

मग ती जराशी खाकरली. तशी खाकरायची सवय एकाच माणसाची होती. आणि दारातून दादाच बोलावा तशी ती बोलली, नाकातून, वैतागून: "काय गं, दोघी मेल्यात की झोपल्यात? अगं, गिऱ्हाईक ताटकळतंय, आणि ह्यांचे पाय वर."

तो गेल्यापासून त्याचा आवाज मी ऐकला नव्हता. मला रडू आलं की हसू, तेच कळेना. दोन्ही एकदम आलं. वहिनी कुशीवर वळून हसत होती, डोळ्यांतून पाणी काढत, नाकातून आवाज काढत, पूर्वीसारखी. आधी आवळायचं, मग सोडायचं, बाईने पढवलेलं सगळं मी साफ विसरले. हसले, पोटभर हसले.

"वहिनी," मी दम लागल्यावर म्हटलं, "झालं गं थोडं."

"होऊ दे," ती डोळे पुसत म्हणाली. "लाँड्री आपलीच आहे."